मशीन क्लीन झालं, मग फायली का उघडत नाहीत?

प्रश्न : नेरुळच्या आमच्या सोसायटीचा मी सहा वर्षं सचिव आहे. वय ६७. वार्षिक सभेची नोटीस, ताळेबंद आणि ऑडिट रिपोर्ट जोडून एकच पीडीएफ करायची होती. विकतचं सॉफ्टवेअर महाग, म्हणून इंटरनेटवरून 'फुल व्हर्जन फ्री' असं लिहिलेलं उतरवलं. झिप फाइल होती, तिचा पासवर्ड १२३४ बाजूलाच दिलेला. अँटिव्हायरस थोडा वेळ बंद करा, अशी सूचना होती, केला. मग विंडोज अपडेट होत असल्याची चौकट आली, म्हणून मशीनला हात न लावता चहाला गेलो. येऊन बघतो तर सगळ्या फायलींची चित्रं पांढरी, आणि प्रत्येक नावाच्या शेवटी चार भलतीच अक्षरं. प्रत्येक फोल्डरमध्ये 'रीडमी' नावाची इंग्रजी चिठ्ठी: ९८० डॉलर द्या, ७२ तासांत दिले तर ४९०. शेजारच्या इमारतीतल्या एका मुलाने व्हायरस काढला. 'काका, मशीन क्लीन आहे' म्हणाला. पण फायली काही उघडत नाहीत. काल नवीन टाइप केलेलं पत्रही आज तसंच झालंय, आणि अँटिव्हायरस कंपन्यांच्या वेबसाइटच उघडत नाहीत. मेंटेनन्सचे सगळे हिशेब त्यात आहेत, मुलीच्या लग्नाचे फोटो आहेत. घरी सौ.ला अजून सांगितलेलं नाही. पैसे भरू का? की फॉरमॅट मारू?
— एक सचिव, नेरुळ

उत्तर : काका, पैसे भरू नका. फॉरमॅट मारायचाच आहे, पण आज नाही. पुढे सांगते ते एक काम उरकेपर्यंत त्या मशीनवर कुणालाही फॉरमॅट मारू देऊ नका. त्या मुलाला तर नाहीच.

हे मी पोळलेल्या तोंडाने सांगतेय. २०१९ चा मे महिना. कळव्याचा एक लग्नाचे फोटो काढणारा मुलगा दुकानात आला. (दुकान नौपाड्यात, बाबांनी रेडिओ-टीव्ही दुरुस्तीसाठी घेतलेलं. काउंटरवर मी बसलेली असले तरी लोक 'साहेब कधी येतील?' असं विचारतात. त्यानेही विचारलं.) त्याच्या मशीनवर हाच प्रकार, हीच रीडमी, हेच ४९० डॉलर. लग्नसराईचे दिवस, त्याला मशीन संध्याकाळपर्यंत हवं होतं. फायली उघडत नाहीत म्हणजे मेल्या, असं धरून मी डिस्क पुसली, नवं विंडोज टाकलं, वर 'बघ, नव्यासारखं झालं' असंही म्हणाले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये एम्सिसॉफ्ट नावाच्या कंपनीने याच जातीच्या व्हायरसच्या १४८ प्रकारांनी बंद केलेल्या फायली उघडणारं फुकटचं साधन बाहेर काढलं. ऑगस्टच्या आधीचे जवळजवळ सगळे प्रकार त्यात येत होते. त्याच्या त्या बंद फायली कुठेतरी पडून असत्या, तर बहुधा उघडल्या असत्या. मी त्या पुसून बसले होते. त्याला हे मी अजून सांगितलेलं नाही; कळवा नाक्यावर दिसला की रस्ता ओलांडते.

तेव्हा पहिलं काम: बंद पडलेल्या फायली, ती रीडमी, आणि सी ड्राइव्हमध्ये 'सिस्टमआयडी' नावाचं फोल्डर असेल तर तेही, हे सगळं एका वेगळ्या डिस्कवर उतरवून घ्या. कोरी डिस्क घ्या, ज्यावर आधीचं काही कामाचं असेल ती त्या मशीनला लावूच नका. त्याहून सोपं म्हणजे आतली डिस्कच काढायची, तिच्यावर तारीख लिहून कपाटात ठेवायची आणि मशीनमध्ये नवी घालायची. मी हल्ली असंच करते. बंद झालेली फाइल स्वतः कुणाला चावत नाही. ती नुसती बंद आहे.

आता तुम्हाला झालंय काय, ते सांगते. तुम्ही लिहिलेल्या खुणा इतक्या स्वच्छ आहेत की फार शोधावं लागणार नाही. ९८० आणि ४९० हे आकडे, ७२ तास, रीडमी, खोटी अपडेटची चौकट: ही 'स्टॉप' किंवा 'डीजेव्हीयू' म्हणून ओळखली जाणारी खंडणीखोर जात, म्हणजे फायलींना कुलूप लावून किल्लीचे पैसे मागणारा प्रोग्रॅम. घरगुती मशीनवर सर्वांत जास्त हीच सापडते, आणि येते ती बहुतेकदा फुकटच्या क्रॅक सॉफ्टवेअरमधूनच. झिपला पासवर्ड का होता? तुमच्या सोयीसाठी नव्हे. पासवर्ड असला की अँटिव्हायरसला आत डोकावता येत नाही. तरी भीती नको म्हणून तो बंदच करायला लावला. आणि अपडेटची चौकट कशासाठी, तर डिस्क घरघरतेय, मशीन मंद चाललंय, हे बघून तुम्ही वायर खेचू नये म्हणून. तुम्ही शहाण्या माणसासारखं वागलात आणि चहाला गेलात. ते लोक नेमकं त्यावरच जगतात.

अर्ध्या किमतीची सवलतही तसलीच. गोखले रोडवर बारा महिने 'सेलचे शेवटचे तीन दिवस' चालू असतात ना, तसं. माणसाने विचार न करता खिशात हात घालावा एवढाच त्या ७२ तासांचा अर्थ. तुमचं पत्र माझ्यापर्यंत येईतो ते उलटूनही गेले, तेव्हा ती घाई मनातून काढून टाका. पैसे भरून किल्ली मिळेलच याची हमी कुणी देत नाही. नमुन्याची एक फाइल फुकट उघडून देऊ, असंही त्या चिठ्ठीत असेल. ते फक्त तुमचा विश्वास बसावा म्हणून.

मशीन क्लीन आहे असं तो मुलगा म्हणाला, पण ते क्लीन नाही. कालचं पत्र आज बंद झालं, म्हणजे कुलूप लावणारा अजून घरातच आहे. हा प्रोग्रॅम स्वतःची एक प्रत तुमच्या युजरच्या अ‍ॅपडेटा फोल्डरमध्ये लपवतो आणि विंडोजच्या टास्क शेड्युलरमध्ये 'टाइम ट्रिगर टास्क' अशा साध्यासुध्या नावाने नोंद करून ठेवतो. दर काही मिनिटांनी ती नोंद त्याला उठवते, आणि मधल्या वेळात तयार झालेली फाइल दिसली की तिलाही कुलूप. स्टार्टमध्ये टास्क शेड्युलर शोधून उघडलंत तर ती ओळ बहुधा दिसेल. वेबसाइट उघडत नाहीत तेही त्याचंच काम. विंडोजमध्ये 'होस्ट्स' नावाची एक छोटी फाइल असते: सी ड्राइव्ह, विंडोज, सिस्टम३२, ड्रायव्हर्स, ईटीसी. ती नोटपॅडमध्ये उघडा. मूळची असेल तर तिच्यातली प्रत्येक ओळ # या खुणेने सुरू होते. तुमच्याकडे खाली १२७.०.०.१ आणि पुढे अँटिव्हायरस कंपन्यांची नावं, अशी भली मोठी रांग दिसेल. १२७.०.०.१ म्हणजे 'हेच मशीन'. त्या साइटचा पत्ता विचारला की तुमचं मशीन तुम्हालाच स्वतःच्या दारात आणून सोडतं. हे मला पहिल्यांदा कळलं तेव्हा, खरं सांगते, चोराचं कौतुकच वाटलं.

काढायचं कसं? वायफाय बंद करा, केबल असेल तर उपसा. विंडोज सिक्युरिटीत जाऊन स्कॅन ऑप्शन्समध्ये डिफेंडरचं (विंडोजच्या स्वतःच्या अँटिव्हायरसचं) 'ऑफलाइन स्कॅन' निवडा. मशीन बंद होऊन पुन्हा सुरू होतं आणि विंडोज जागं व्हायच्या आधीच तपासणी होते, त्यामुळे प्रोग्रॅमला लपायला वेळ मिळत नाही. साधारण पाव तास लागतो. पण तुमच्या बाबतीत मी एवढ्यावर थांबणार नाही. फायलींची प्रत बाजूला काढून झाली की डिस्क पूर्ण पुसून विंडोज नव्याने घाला. आता मारा तो फॉरमॅट. कारण ही जात एकटी येत नाही. तिच्यासोबत बरेचदा पासवर्ड चोरणारा दुसरा प्रोग्रॅम येतो, ब्राउजरमध्ये जपून ठेवलेले पासवर्ड घेतो आणि निघूनही जातो. फायलींच्या दुःखात लोक हे विसरतात. मला तर फायलींपेक्षा याचीच जास्त धास्ती वाटते, कारण सोसायटीचं बँक खातं तुम्ही त्याच मशीनवरून बघत असणार. आज, हे वाचून होताच, मोबाइलवरून आधी ईमेलचा पासवर्ड बदला, मग बँकेचे. ईमेलच्या सेटिंगमधून बाकीच्या सगळ्या उपकरणांवरून लॉगआउट करा. नुसता पासवर्ड बदलला आणि जुनं लॉगइन तसंच उघडं राहिलं तर काय उपयोग?

आता कुलूप. रीडमीच्या तळाशी 'पर्सनल आयडी' म्हणून अक्षर-आकड्यांची लांबलचक ओळ आहे. तिची शेवटची दोन चिन्हं बघा. चष्मा लावून बघा. इंग्रजी छोटा टी आणि त्यापुढे १ हा आकडा असेल, तर आशा आहे. त्याचं कारण असं, की हा प्रोग्रॅम कुलूप लावण्याआधी आपल्या मालकाच्या सर्व्हरकडे किल्ली मागतो. सर्व्हर भेटला तर तुमच्यासाठी म्हणून एक वेगळी किल्ली येते. ती फक्त त्यांच्याकडे असते, आणि ती फोडणं कुणाच्या बापाला जमत नाही. सर्व्हर भेटला नाही तर तो सोबत आणलेली तयार किल्ली वापरतो. त्या प्रकाराने ज्यांची ज्यांची मशीन अशी बंद केली, त्या सगळ्यांना तीच एक किल्ली. टी१ ही तिची खूण. पैसे भरलेल्या कुणा एकाकडून ती किल्ली अभ्यासकांच्या हाती लागली की सगळ्यांच्या फायली उघडतात. सिस्टमआयडी फोल्डरमधल्या फाइलमध्ये एकापेक्षा जास्त आयडी असतील तर काही फायली एका किल्लीने आणि काही दुसरीने बंद झाल्या असतील. म्हणून ते फोल्डर जपा, असं वर म्हटलं.

तपासायला 'नो मोअर रॅन्सम' ही साइट आहे. २०१६ मध्ये डच पोलीस, युरोपोल आणि दोन सुरक्षा कंपन्यांनी मिळून सुरू केलेली, फुकट. तिथे 'क्रिप्टो शेरीफ' म्हणून खिडकी आहे. मुलीच्या किंवा जावयाच्या मशीनवरून तिथे रीडमी आणि बंद झालेल्या दोन फायली द्या (लग्नाचे फोटो नकोत, सभेची जुनी नोटीस वगैरे द्या). कुठली जात आहे आणि साधन निघालंय का, ते कळतं. आज नसेल तर डिस्क कपाटात ठेवून सहा महिन्यांनी पुन्हा विचारा. '१०० टक्के रिकव्हरी' असं छातीठोक सांगणाऱ्याला मात्र एकच विचारा: किल्ली कुठून आणणार? उत्तर मिळालं नाही तर उठून या.

किल्लीवाचूनही थोडं वाचतं, आणि ते का, हे मजेशीर आहे. हजारो फायली झटपट बंद करायच्या म्हणून ही जात प्रत्येक फाइलचा फक्त सुरुवातीचा सुमारे दीडशे केबी भाग गोंधळून टाकते. बारा मजली इमारतीच्या तळमजल्यालाच कुलूप, वरचे अकरा मजले जसेच्या तसे. लग्नाचा व्हिडिओ दोन जीबीचा असेल तर त्याचा जवळजवळ सगळा ऐवज शाबूत आहे, फक्त जिन्यात शिरता येत नाही. अशा व्हिडिओ आणि ऑडिओ फायलींना नवी सुरुवात जोडून देणारी दुरुस्तीची साधनं मिळतात. त्याच मोबाइलवर किंवा कॅमेऱ्यावर काढलेला एक चांगला व्हिडिओ नमुना म्हणून लागतो. मोठ्या झिपमध्येही बहुतेकदा पहिलीच फाइल जाते, बाकीच्या काढता येतात. एक्सेलचा हिशेब मात्र चाळीस-पन्नास केबीचा. तो सगळाच तळमजल्यावर राहतो.

पण काका, हिशेब तुमच्याकडे एकट्याकडे थोडेच आहेत? दर तिमाहीची बिलं तुम्ही सभासदांना ईमेलने पाठवत असाल तर 'सेंट'मध्ये बघा. ऑडिटरकडे ताळेबंद आहे. बँकेचं स्टेटमेंट बँक पुन्हा देते. गूगल ड्राइव्ह मशीनला जोडलेलं असेल तर बंद फायली वरही चढल्या असतील, पण ब्राउजरमधून फाइलवर राइट क्लिक करून 'मॅनेज व्हर्जन्स' बघा. आधीची प्रत साधारण ३० दिवस तिथे राहते, म्हणून हे आधी करा. आणि सौ.ना सांगा हो. त्यांच्या व्हॉट्सअ‍ॅपवर आणि व्याह्यांच्या मोबाइलवर निम्मं लग्न निघेल.

तक्रार १९३० या सायबर हेल्पलाइनवर किंवा राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर करा, रीडमीची प्रत जोडा. फायली त्याने परत येत नाहीत. पण उद्या सभेत कुणी 'सचिवांनी हिशेब गायब केले' म्हणालं तर तक्रारीची पोच हातात असलेली बरी. सोसायट्यांमधली माणसं मी पाहिलेली आहेत.

प्रश्न : रेसिपी शोधताना अचानक पूर्ण पडदा लाल झाला, भोंगा वाजायला लागला. 'तुमचा संगणक लॉक झाला आहे, बंद करू नका, या नंबरवर फोन करा.' माऊसही हलेना. हेही तेच का?
— घोडबंदर रोड, ठाणे

उत्तर : नाही ताई, हे नुसतं सोंग आहे. ते एक वेबपान आहे, पूर्ण पडदाभर पसरलेलं. एस्केप बटण दाबून धरा, नाहीतर आल्ट आणि एफ४. तेही जमलं नाही तर कंट्रोल, आल्ट, डिलीट करून टास्क मॅनेजरमधून ब्राउजर बंद करा. पुन्हा उघडताना 'आधीची पानं परत आणू का' असं विचारलं तर नको म्हणा. मग तुमचे फोटो, फायली उघडून बघा. उघडल्या तर विषय संपला. खरा खंडणीखोर काम उरकेपर्यंत भोंगा वाजवत नाही.

फोन केला नसेल तर काही करायचं नाही. फोन करून त्यांच्या सांगण्यावरून स्क्रीन बघू देणारं अ‍ॅप टाकलं असेल, तर इंटरनेट तोडा, ते अ‍ॅप काढा आणि बँकेला लगेच कळवा. पैसे गेले असतील तर त्याच मिनिटाला १९३०. उशीर केला तर पैसे पुढच्या खात्यांत पांगतात.

प्रश्न : माझ्या लॅपटॉपवर विंडोज १० आहे. अँटिव्हायरस विकत घेऊ की एक्स्टर्नल हार्ड डिस्क? दोन्हींचं बजेट नाही. डिस्क घेतली तर ती कायम लावूनच ठेवेन, म्हणजे बॅकअप आपोआप होईल.
— एक विद्यार्थी, ऐरोली

उत्तर : डिस्क घे. पण कायम लावून ठेवू नकोस. मशीनला जे ड्राइव्ह दिसतं, ते खंडणीखोरालाही दिसतं. त्या नेरुळच्या काकांची डिस्क लावलेली असती तर तीही गेली असती.

विंडोजमधला डिफेंडर घरगुती वापराला पुरतो. तो बंद करायला सांगणाऱ्या कुठल्याही फाइलला हात लावायचा नाही, एवढं पाळ. त्यात 'कंट्रोल्ड फोल्डर अ‍ॅक्सेस' नावाचं बटण आहे, ते मुळात बंद असतं, चालू कर. अनोळखी प्रोग्रॅमला डॉक्युमेंट्स आणि पिक्चर्समध्ये लिहिता येत नाही. सुरुवातीला एखादा ओळखीचा प्रोग्रॅमही अडेल, त्याला परवानगी दे. फाइल एक्स्प्लोररच्या 'व्ह्यू'मध्ये जाऊन फायलींची एक्स्टेन्शन (नावाच्या शेवटची, प्रकार सांगणारी अक्षरं) दिसतील असं कर, म्हणजे पीडीएफ म्हणून आलेली फाइल शेवटी 'ईएक्सई', म्हणजे प्रोग्रॅम, आहे हे उघडण्याआधी दिसेल.

खरी अडचण तुझं विंडोज १० आहे. त्याला मायक्रोसॉफ्टचा सर्वसाधारण आधार, म्हणजे नेहमीची अपडेट, १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. लॅपटॉप चालत असेल तर ११ वर जा, नाहीतर विंडोजऐवजी लिनक्स ही फुकटची सिस्टीम टाक. कॉलेजच्या कामाला पुष्कळ होतं. अपडेटचा कंटाळा किती महाग पडतो हे तुझ्या गावापासून फार लांब नाही घडलेलं. मार्च २०१७ मध्ये मायक्रोसॉफ्टने विंडोजमधलं एक भोक बुजवणारं अपडेट दिलं. ज्यांनी ते घातलं नाही त्यांना मे महिन्यात 'वॉनाक्राय' नावाच्या खंडणीखोराने गाठलं, दीडशेच्या आसपास देशांत. तरी लोक जागे झाले नाहीत. २७ जून २०१७ ला 'नॉटपेट्या' आला, त्याने तेही भोक वापरलं, आणि न्हावा शेव्याला जेएनपीटी बंदरातलं मर्स्क या जहाज कंपनीच्या समूहाचं टर्मिनल ठप्प झालं. तो तर खंडणीखोराच्या वेषातला नासधूस करणाराच होता. पैसे भरून फायली मिळायची सोयच त्यात नव्हती.

जगभरातलं मर्स्कचं जाळं पुन्हा उभारायचं तर त्यांच्या डोमेन कंट्रोलरची, म्हणजे कोण कुठे लॉगइन करू शकतो याची नोंद ठेवणाऱ्या सर्व्हरची, एकतरी चांगली प्रत हवी होती. सगळे सर्व्हर एकमेकांची प्रत ठेवत होते, पण सगळे एकदमच गेले. वाचला तो घानातला एक. हल्ल्याच्या वेळी तिथली वीज गेलेली होती, म्हणून तो जाळ्यापासून तुटलेला राहिला.

माझ्याकडे दोन डिस्क आहेत. एक दुकानात, शटरच्या मागच्या पत्र्याच्या डब्यात. दुसरी आईकडे, तिच्या कपाटात साड्यांखाली. रविवारी जेवायला गेले की ती लावते, कॉपी होईपर्यंत जेवण होतं, मग वायर काढून पुन्हा साड्यांखाली. आईला वाटतं त्यात माझे पैसे आहेत.